सज्जन समुद्र

माल्टा बेटाच्या उत्तर अंगास, मेल्लिएहा गावाच्या डोंगरउताराखाली, आदीरा नावाचा जो वालुकामय किनारा पसरला आहे, तो त्या देशातील सर्वांत मोठा आणि लेकुरवाळ्या कुटुंबांस सर्वांत सोयीचा किनारा म्हणून ख्यातकीर्त आहे. सर्वांत मोठा म्हणजे सुमारे 800 मीटर. गुहागरच्या समुद्रकाठी ज्यांचे बालपण गेले त्या आमच्या सासूबाईंनी हा आकडा ऐकून घेतला, एकदा डावीकडे पाहिले, एकदा उजवीकडे पाहिले आणि "उरलेला कुठे आहे?" एवढाच प्रश्न केला.

परंतु त्यांचा खरा आक्षेप लांबीविषयी नव्हता, तर समुद्राच्या वर्तनाविषयी होता. छत्र्या व आरामखाटा भाड्याने देणारा एक वयोवृद्ध माल्टावासी गृहस्थ पैसे घेण्यास आला असता त्यांनी माझ्या दुभाषेपणाचा उपयोग करून भरतीची वेळ विचारली. त्याने खांदे उडवून भरती अशी नसतेच असे सांगितले, आणि ते उत्तर मी मराठीत केल्यावर सासूबाईंच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो, मुलीचे स्थळ पाहावयास जावे आणि मुलाला काही व्यवसायच नाही असे कळावे, तेव्हाच उमटत असावा. वास्तविक यात त्या समुद्राचा दोष नाही. अटलांटिक महासागराला भूमध्य समुद्रात शिरण्यास जिब्राल्टरची जी सामुद्रधुनी आहे, ती अरुंद ठिकाणी अवघी 14 किलोमीटर. महासागराची सारी दांडगाई त्या देवडीवरच अडवली जाते आणि माल्टापर्यंत जी भरती येऊन पोहोचते तिने वाळूतला मुलांचा किल्लासुद्धा सहसा ढासळत नाही. पाण्याची वाफ होते फार, नद्या ओततात थोडे, म्हणून ह्या समुद्रात क्षारांचे प्रमाण महासागरातील हजारी 35 वरून हजारी 38 च्या घरात गेलेले आहे, आणि त्यामुळे अंग जरा सैल सोडले की मनुष्य आपोआप तरंगू लागतो. त्यातून आदीराचा तळ असा उथळ, की खोल पाणी गाठण्याच्या निर्धाराने निघालेली आमची सौभाग्यवती बराच वेळ चालून क्षितिजाकडे ठिपक्याएवढी झाली, तरी पाणी तिच्या कमरेच्या वर चढेना. ज्याला येथे बुडावयाचे असेल त्याने आधी पायपिटीची तयारी ठेवली पाहिजे.

सासूबाईंच्या मुद्रेवरचा अधिक्षेप छत्रीवाल्याला समजला असावा, कारण त्याने आपल्या समुद्राची अब्रू राखण्यासाठी तत्काळ संत पॉलची हकीकत काढली. इसवी सनाच्या 60 च्या सुमारास कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या पॉलचे जहाज वादळात सापडून ह्याच बेटाच्या किनाऱ्यावर फुटले, आणि पलीकडच्या उपसागराला आजही त्याचेच नाव आहे. "किती माणसे गेली?" सासूबाईंनी विचारले. जहाजावर 276 माणसे होती आणि बायबलातील वृत्तांताप्रमाणे ती सर्वच्या सर्व सुखरूप काठाला लागली, असे उत्तर आले. पुढे शेकोटीच्या लाकडातून निघालेला सर्प पॉलच्या हाताला डसला, तोही व्यर्थ. तेव्हापासून बेटावरील सर्पांचे विषच उतरले अशी तेथील परंपरा सांगते. "म्हणजे सापही तसलेच," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य मी भाषांतरित केले नाही.

ह्या बेटाच्या निरुपद्रवी स्वभावाला आपल्याकडूनही थोडा हातभार लागलेला आहे. 1878 साली रशियाला धाक घालण्यासाठी इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली यांनी सुमारे 7,000 हिंदी सैनिक मुंबईहून जहाजात घालून येथे आणले. पण लढाई झालीच नाही.

समुद्र असा पेन्शनीत निघालेला असल्यामुळे कलहाची सारी जबाबदारी किनाऱ्यावरील मनुष्यजातीवर येऊन पडते, आणि ती तिने उत्तम रीतीने पार पाडली आहे. दोन खाटा व एक छत्री असा एकेक बिघा, त्यांच्या समुद्राला समांतर रांगा, आणि भाडे दिले की संध्याकाळपर्यंत कब्जा निर्वेध. प्रश्न निर्माण होतो तो छायेचा. हा उपसागर पूर्वेकडे उघडतो. त्यामुळे दुपार कलंडली की प्रत्येक छत्रीची छाया आपल्या धन्याची खाट सोडून समुद्राच्या दिशेने सरकू लागते आणि पुढच्या रांगेतील परक्या कुटुंबाच्या अंगावर जाऊन पडते. छत्री आमची, भाडे आमचे, आणि वहिवाट मात्र एका सोनेरी केसांच्या, कोणतीही दरखास्त न करता गाढ झोपी गेलेल्या जोडप्याची! मी फिर्याद करण्याच्या विचारात होतो. इतक्यात मागच्या रांगेतील छत्रीची छाया माझ्या पायांवर आली, आणि हा फेरफार सार्वत्रिक असल्याचे ध्यानी येऊन मी न्यायबुद्धीने गप्प बसलो. ह्या व्यवस्थेत पहिल्या रांगेची स्वतःची छाया पाण्यात फुकट जाते आणि शेवटच्या रांगेला कोणाचीच मिळत नाही. त्या रांगेत एक स्थूल गृहस्थ आपली खाट तसूतसूने पुढे ढकलीत आमच्या हद्दीवर अतिक्रमण करीत होता. समोरच्या टेकडीवर 1649 साली पुरा झालेला तांबडा बुरूज उभा आहे. शत्रूची गलबते हेरण्यासाठी तो बांधला, पण टेहळणी करण्यासारखे जे काही होते ते त्या दिवशी त्याच्या पायथ्याशीच चालले होते.

मध्यंतरी चिरंजीवांनी पास्तित्सी आणली. आत वाटाण्याचे सारण, बाहेर तुपाळ पापुद्रे, आणि वाळूवर बसून खाल्ल्यास दाताखाली किनाऱ्याचाही थोडा अंश. दुसऱ्या प्रकारात रिकोटा चीज असते, वाटाण्याची बरी. बरोबर किनी नावाचे, कडू संत्र्याचे व वनस्पतींचे एक तपकिरी पेय होते, ते सासूबाईंनी औषध समजून निमूटपणे संपवले.

चारच्या सुमारास जीवरक्षकाच्या मचाणावर जांभळे निशाण चढले. जेलीफिश आल्याची ती इशारत. क्षणार्धात कोलाहल माजला. माता मुलांना बखोटीस धरून ओढू लागल्या, पाण्यातील रबरी हंस बाहेर आले, आणि पुढच्या रांगेतील कित्येक कुटुंबांनी आपला बाडबिस्तरा आवरून मोटारींकडे कूच केले. सासूबाईंनी निशाणाचा अर्थ मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग, ह्या समुद्रालाही काही कर्तृत्व आहे हे कळल्याचे समाधान चेहऱ्यावर घेऊन, नऊवारीचा काष्टा वर खोचून त्या प्रथमच उठल्या आणि थेट काठाशी जाऊन घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. जीवरक्षक शिटी फुंकीत धावला. त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी मागे वळून मला हाक दिली: "जावईबापू, पुढची रांग रिकामी झालीय, टॉवेल टाका आधी!"