इंजिन न उतरवता

इंजिन उतरवायचं म्हटलं की गाडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं. खर्च तर असतोच, पण उतरवलेल्या इंजिनाभोवती गॅरेजातले सगळे गोळा होतात आणि प्रत्येकाला त्यात काही ना काही बदलण्याजोगं दिसतं. बेअरिंगपासून निघालेलं बिल पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट करत करत रेडिएटरशी येऊन टेकतं.

तंजावरच्या आमच्या मामांकडे एक जुनी डिझेल जीप आहे. मामांचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेलं. घरात मराठी, बाजारात तमिळ, आणि जीपशी दोन्ही. इंजिन तापलं की खालून जड ठकठक यायची, तेलाच्या दाबाचा काटा खाली बसायचा. मेन बेअरिंग गेलं, इंजिन उतरवू या, असं मिस्त्रीने सांगितलं. मामांनी विचारलं, "मोतीबिंदू काढायला कुणी मुंडकं उतरवतं का रे?"

तंजावरच्या माणसाला हा दाखला शोधावा लागत नाही. दुसरे सरफोजीराजे 1798 ते 1832 तिथल्या गादीवर होते. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. मुंडकं बाजूला काढून ठेवल्याचं त्यात कुठे असल्याचं ऐकिवात नाही. मिस्त्री निरुत्तर झाला.

बेअरिंग हा मोठा शांत प्राणी. क्रँक त्याच्यावर फिरतो म्हणतात, पण खरं तर तो तेलावर तरंगतो. मधली फट मिलिमीटरच्या पाच-सहा शतांशांची, म्हणजे जेमतेम केसाएवढी. 1880 नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने वरून भोक पाडलं, तर तेल उलट त्यातूनच बाहेर यायला लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली. तीही वर सरकत निघाली. फिरणारा आसच तेल आत ओढून दाब तयार करतो, हे तेव्हा उमगलं. पुढे 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. बेअरिंग झिजलं की फट वाढते, तेल निसटतं, काटा पडतो.

इलाज मात्र गणिताइतका अवघड नाही. तेल काढून खालचं चेंबर सोडवायचं. एका वेळी बेअरिंगची एकच कॅप काढायची. तिच्यावरचा नंबर आणि दिशा बघून ठेवायची. कॅपमधली बेअरिंगची अर्धी वाटी सहज हाती येते. वरची अर्धी क्रँकच्या पाठीशी दडलेली असते. तिच्यासाठी क्रँकवरच्या तेलाच्या भोकात डोकं चपटं केलेली स्प्लिट पिन बसवायची आणि क्रँक हाताने हळू फिरवायचा. वाटीला एका टोकाला छोटा कान असतो. तो आधी बाहेर पडेल याच दिशेने. पिन वाटीला ढकलत नेते आणि वाटी मुकाट गोल फिरून बाहेर येते. नवी वाटी उलट्या वाटेने आत. पिनेचं डोकं वाटीच्या जाडीपेक्षा बारीक हवं, नाहीतर ते वरच्या घरालाच ओरखडेल. काही इंजिनांत शेवटच्या मेनपाशी भोकच नसतं. तिथे पितळेच्या पट्टीने हलकेच सरकवत बसावं लागतं.

मामा जीपखाली पाठीवर पडून मिस्त्रीला सूचना देत होते. तेलाचा थेंब कपाळावर पडला की सूचना मराठीत यायच्या. मिस्त्रीला मराठी येत नव्हतं, हे बरंच झालं.

हा मार्ग सगळ्यांसाठी नव्हे. क्रँकवरून नख फिरवून बघा. चर लागली तर नवी वाटी घालणं व्यर्थ, मग इंजिन निमूट उतरवा आणि क्रँक ग्राइंडिंगला द्या. जुन्या वाटीच्या पाठीवरचा मापाचा शिक्का वाचल्याशिवाय नवी आणू नका. क्रँक आधी कधी घासला असेल तर स्टँडर्ड माप ढिलं बसेल. आणि कॅप आवळण्याआधी भोकातली ती पिन तेवढी काढून घ्या.