लोखंड काय भागून जातंय?

व्हर्जिनियाहून आलेल्या आमच्या दाजींशी कुठलाही विषय काढा, गाडी विल्यम्सबर्गलाच थांबते. तिथे इंग्रजी अमलातलं अख्खं गाव पुन्हा उभं केलंय आणि त्यात जेम्स अँडरसनची लोहारशाळाही नव्याने बांधलीय. कातडी एप्रनमधला पगारी लोहार एक खिळा ठोकतो आणि त्या खिळ्यावर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध टांगतो. "त्या खिळ्यापायी माणशी केवढं तिकीट काढलं, ते विचार," ताई म्हणाली.

"इंदुरात असं काही आहे?" दाजींनी मावशीला विचारलं.

"पहिले पोहे खा," मावशी म्हणाली. मावशीच्या तीन पिढ्या इंदुरातच गेल्या. "लोखंड काय भागून जातंय?"

पोहे, त्यावर शेव आणि जिरावण, शेजारी जिलबी, एवढं झाल्यावर राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. लाकूड म्हटलं की आग आलीच. १९८४ च्या दंगलीत मागची बाजू जळाली, ती होळकर घराण्यातल्या उषाराजेंनी २००७ पर्यंत मूळ धर्तीवर पुन्हा बांधून घेतली. "म्हणजे रिकन्स्ट्रक्टेड!" दाजींचा चेहरा उजळला. ते भाता शोधू लागले. भाता नव्हता. मग दरवाज्यावरचे लोखंडी खिळे मोजायला बसले. दर वेळी मध्येच कुणीतरी सेल्फीसाठी "अंकल, जरा साइड में" म्हणे आणि मोजणी पहिल्यापासून.

नंतर लालबाग. १८८६ ला सुरू झालेला हा महाल १९२१ ला पुरा झाला. त्याचं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाबरहुकूम, इंग्लंडमध्ये ओतवलेलं, बोटीने मुंबईला उतरवून इथे आणलेलं. गावात लोहारपट्टी नावाची वस्ती असताना फाटक सातासमुद्रापलीकडून! पण होळकरांचं लोखंडाशी नातंच दिलदार. इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना एक कोट रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. पहिलं इंजिन तर म्हणे हत्तींनी ओढत आणलं. इंग्रजाला कर्ज देणारा मराठी माणूस, हे ऐकून माझी छाती उगाचच फुगली. माझ्या घराचे हप्ते अजून चालू आहेत.

परतताना रस्त्याकडेला गाडिया लोहारांचा तळ दिसला. चितोड पडल्यावर घर बांधणार नाही अशी शपथ घेतलेल्यांचे हे वंशज. १९५५ मध्ये नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेलं, तरी अनेकांचा संसार रस्त्यावरच राहिला. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसला होता, बायको उभी राहून घण घालत होती आणि पोरगं भात्याच्या जागी आलेला पंखा हाताने फिरवत होतं. घाव एवढा नेमका, की नवऱ्याचं लक्ष बोटांकडे नव्हतंच. तो आमच्याकडे बघत होता.

दाजी गहिवरले. "ये सब कब से चल रहा है?"

"सुबह से," बाई म्हणाली.

दाजींनी व्हिडिओसाठी मोबाइल उचलला. तिने घण टेकवला. "चिमटा लेना है, कि खाली देखना है?"

"देखने का कितना?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने आकाशाकडे.

"चिमटा सौ का."

"साठ," दाजी म्हणाले.