चित्रपटसृष्टीची जमाबंदी

हैदराबादच्या निझामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपुष्टात आले, असे इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत छापलेले असते आणि तसे न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापण्याचा शिरस्ताही आहे. परंतु शुक्रवारी झळकलेल्या एखाद्या चित्रपटाच्या कमाईचा तक्ता शनिवारी सकाळी जो कोणी उघडून पाहील, त्याला निझाम अद्यापि तख्तावर विराजमान असल्याचे आणि कोट्यवधींचा वसूल त्याच्या नावे बिनतक्रार रुजू होत असल्याचे आढळून येईल. चित्रपटांच्या वितरकांनी आपल्या सोयीसाठी या देशाचे जे मुलूख पाडले आहेत, त्यांत तेलंगणाचे नाव ‘निझाम’ असेच आहे; रायलसीमेला ते ‘सीडेड’ म्हणतात, कारण सन १८०० मध्ये निझामाने तो प्रांत इंग्रजांच्या हवाली केला होता; आणि आमचा विदर्भ ज्या ‘सी. पी. बेरार’ नामक मुलखात मोडतो, त्या नावाचा प्रांत १९५० सालीच सरकारी दफ्तरातून खारीज झाला. भाषावार प्रांतरचना झाली, संयुक्त महाराष्ट्र झाला, २०१४ साली तेलंगण वेगळे निघाले. या सर्व घडामोडींची वार्ता वितरकांच्या वहीपर्यंत मात्र पोहोचली नाही. मनोरंजनाचा धंदा आमूलाग्र बदलत असल्याचे व्याख्यान जे धुरीण प्रत्येक परिसंवादात देतात, तेच व्याख्यान आटोपताच याच वहीत आपली जमा पाहतात.

या जमाबंदीचे सर्वांत रसाळ फळ ज्यांच्या पदरात पडले, ते आम्ही सिरोंच्याचे रसिक होत. गोदावरीच्या डाव्या तीरावरचे जे तालुके निझामाने १८६० मध्ये इंग्रजांना तोडून दिले, त्यांत सिरोंचा होते. पुढे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ते मुख्य ठाणे झाले, १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून आम्हांस चांद्याला जोडण्यात आले आणि १९८२ पासून आम्ही गडचिरोलीचे झालो. निझामाच्या अंमलातून सुटून इतका काळ लोटल्यावरही आमच्या गावच्या शौकिनाला नवा तेलुगू चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची ऊर्मी आली, म्हणजे तो प्राणहितेवरील पूल ओलांडून चेन्नूर-मंचेरियालची वाट धरतो, म्हणजेच सायंकाळपुरता स्वखुशीने निझामाची रयत होतो आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा ‘सी. पी. बेरार’मध्ये परततो. आमचे जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर दूर, तर मंचेरियाल त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. तेव्हा या सीमोल्लंघनात राजद्रोहापेक्षा बसभाड्याचा विचार अधिक असतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

२०१५ साली ‘बाहुबली’ अवतरला आणि अखिल भारतीय चित्रपट नावाच्या एका अपूर्व वस्तूचा शोध लागल्याची दवंडी पिटली गेली. हा शोध ऐकून आम्हांस जो विस्मय वाटला, तो समुद्राकाठच्या कोळ्याला मीठ सापडल्याची बातमी ऐकून वाटावा तसा होता. घरी तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी आणि आठवडी बाजारात गोंडी किंवा माडिया असा व्यवहार ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या गावाला अखिल भारतीयत्वाचे शिक्षण देण्याची तसदी मुंबईच्या निर्मात्यांनी घ्यावी, हे त्यांच्या उदारतेस शोभणारेच आहे. या नव्या व्यवस्थेत तेलुगू बाहुबली हिंदीत बोलतो तो शरद केळकर यांच्या कंठातून, आणि ‘पुष्पा’तील चंदनचोर हिंदीत गुरगुरतो तो श्रेयस तळपदे यांच्या कंठातून. म्हणजे तेलुगू नायकास मराठी माणसाचा आवाज मिळतो, पण भाषा तिसरीच असते. आणि तेलुगू व मराठी या दोन्ही भाषा मुळातूनच जाणणाऱ्या सिरोंचेकरास नदीच्या अलीकडे हा तिसरा तर्जुमा सादर केला जातो. दोन साक्षीदार समोर हजर असता दुभाष्याची जबानी ग्राह्य धरणारे न्यायासन आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

मराठी चित्रपटांचा कळवळा सरकारास नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. बहुपडदा चित्रगृहांनी संध्याकाळी सहा ते नऊ या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावा, असे फर्मान एप्रिल २०१५ मध्ये निघाले होते. त्यावर गदारोळ होताच मोक्याची वेळ दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत लांबविण्यात आली, आणि अशा रीतीने सूर्याच्या संमतीवाचून सायंकाळ माध्यान्हीस आणण्याचा पराक्रम या राज्यात घडला. ज्या तालुक्यात बहुपडदा चित्रगृहच नाही, तेथे या हुकमाचा भंग होण्याचा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे, अंमलबजावणीच्या बाबतीत आमचा तालुका निष्कलंक आहे. शेजारच्या भामरागड तालुक्यातील हेमलकशाच्या कार्यावर २०१४ साली नाना पाटेकरांना घेऊन चित्रपट निघाला, तोही आम्ही ज्या मार्गाने पाहिला तो मार्ग मुंबईहून हेमलकशास जाणाऱ्या मार्गापेक्षा सरळ होता, असे म्हणवत नाही.

पुढे घरोघरी ओटीटी आले. आता मुलखांच्या सीमा पुसल्या जातील, प्रेक्षक हाच राजा होईल, अशी ग्वाही त्या वेळी मिळाली. मे २०२२ मध्ये ‘आरआरआर’ हा चित्रपट या मार्गाने आला, तेव्हा त्याची हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सच्या आणि तेलुगू आवृत्ती झी फाइव्हच्या जहागिरीत वाटून दिलेली आढळली. पूर्वी नदीच्या दोन तीरांवर दोन अंमल होते. आता एकाच भ्रमणध्वनीत दोन अंमल नांदू लागले, आणि दोन्ही दरबारांचा वार्षिक फाळा वेगवेगळा भरावा लागू लागला. पूर्वीच्या पद्धतीत निदान मध्ये नदी तरी होती, आणि तिच्या पात्रावरचा वारा फुकट होता.

या चित्रपटातील भीम कोण, हे सिरोंच्यात कोणास सांगावे लागत नाही. कोमरम भीम हा आदिलाबादच्या अरण्यातला गोंड पुढारी. प्राणहितेच्या पैलतीरी, आमच्यापासून थोड्या वरच्या अंगाला, आज त्याच्या नावाचा जिल्हा आहे. रान, पाणी आणि जमीन यांवरील हक्कासाठी तो झगडला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला, तो इंग्रजांशी लढताना नव्हे, तर निझामाच्या अंमलदारांशी लढताना. पडद्यावरील भीम मात्र दिल्लीस जाऊन इंग्रजांचा निःपात करतो; निझामाचा सल्लागार केवळ इंग्रजांना सावधगिरीची सूचना देण्यापुरता येतो आणि अदबीने निघून जातो. भीमाने जे नृत्य केले, त्याचे चित्रीकरण युक्रेनच्या राजधानीतील एका राजवाड्यासमोर झाले, आणि त्या गीतास २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले. कलावंताचे स्वातंत्र्य आम्हांस शिरसावंद्य आहे. गीताच्या तालावर आमचेही पाय थिरकले, हेही नमूद करावयास हरकत नाही. आमची तक्रार कलेविषयी नसून हिशेबाविषयी आहे. ज्या भीमाने निझामाच्या कारभाऱ्यांना कर वसूल करू देण्याचे नाकारून प्राण दिले, त्याच्या चित्रपटाचा तेलंगणातील सारा गल्ला वितरकांच्या खतावणीत ‘निझाम’ या सदराखाली जमा दाखविण्यात आला आहे. जे काम निझामाच्या पोलिसांना बंदुकीने साधले नाही, ते एका कारकुनाने लेखणीच्या टोकाने, तेही वीरश्रीच्या गजरात, साधले.

सबब, सिरोंच्याच्या चित्रपटरसिकांतर्फे वितरक मंडळींच्या सेवेशी विनंती अर्ज सादर आहे. आमच्या गावास तुमच्या नकाशावर स्वतंत्र मुलूख म्हणून मान्यता द्यावी, अशी आमची मागणी नाही. आमची संख्या अल्प आहे, आमचे तिकीट पैलतीरी फाटते आणि आमचे कौतुक कोणत्याही शनिवारच्या तक्त्यात मावणारे नाही. मोठ्या पडद्याचे आश्वासनही आम्ही मागत नाही, कारण आश्वासने साठविण्याची जागा तालुक्यात आता शिल्लक नाही. मागणे एवढेच, की भीमाच्या नावावर आलेला पैसा तेवढा निझामाच्या खात्यावरून कमी करून दुसऱ्या कोणत्याही खात्यावर वर्ग करावा. तो कोणाच्या पदरी पडावा, याविषयी आम्ही तंटा उपस्थित करीत नाही. गोंडांच्या पदरी तो पडणार नाही, इतके व्यवहारज्ञान आम्हांस आहे.