कॅप्टन

गावात कुणाला काय हाक मारायची, हे लोकसेवा आयोगाला विचारून ठरत नाही. बारावीत असताना त्याने लष्करी अधिकारी व्हायला एनडीएचा फॉर्म भरला आणि त्याच दिवसापासून एसटी स्टँड ते बाजारपेठ तो कॅप्टन झाला. पुढे एनडीएचं वय उलटलं, पदवीनंतरच्या सीडीएसच्या वाऱ्या सुरू झाल्या, तरी हुद्दा कायम आहे. सांगोल्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, पंख्याखालची खुर्ची धरून बसलेला असा एक कॅप्टन सापडेलच. केस बारीक, टी-शर्टाच्या पाठीवर ‘इंडियन आर्मी’ आणि पुढ्यात वही.

वही म्हणजे कृषी सेवा केंद्राने दिवाळीला वाटलेली डायरी. डाव्या पानावर वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या अक्षरात डाळिंबाच्या फवारणीचा हिशोब, उजव्या पानावर इंग्रजी वाक्प्रचार. लाल पेनातले आयोगाने एकदा विचारलेले, निळ्यातले अजून विचारायचे राहिलेले. ‘टु निप इन द बड’च्या शेजारी बोर्डो मिश्रणाचं प्रमाण, ‘टु किक द बकेट’च्या समोर तेल्यावरच्या औषधाची उधारी. एकदा अण्णांनी घाईत उजवं पान दुकानदारापुढे धरलं, तर त्या भल्या माणसाने ‘रेड हेरिंग’ नावाचं औषध अर्धा तास गोदामात शोधलं आणि शेवटी सांगितलं, “माल संपलाय, सोमवारी येईल.”

हे वेड उगाच लागलेलं नाही. एनडीएच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 50 प्रश्न, प्रत्येकी 4 मार्क. चुकलं की 1.33 कापतात. सीडीएसला तर इंग्रजीचा 120 प्रश्नांचा अख्खा पेपरच. गणितात आपली धाव कुठवर, हे कॅप्टनला नववीतच उमगलं होतं. व्याकरणात नियमाला अपवाद आणि अपवादाला पोटअपवाद. राहता राहिले वाक्प्रचार. ते नुसते पाठ करायचे. पंढरपूर तासाभरावर, घरात आजोबांचा रोजचा हरिपाठ. पाठांतराला हे पोर कुणाला हार जाणार?

अडचण एकच. चार पर्याय समोर ठेवल्याशिवाय त्याला कशाचाच अर्थ सांगता येत नाही. “कॅप्टन, ‘बोन ऑफ कन्टेन्शन’ म्हणजे काय रं?” असं कुणी विचारलं की तो डोळे मिटून म्हणतो, “ऑप्शन सांगा.” ही सवय आता अंगात मुरलीय. आई चुलीपुढून विचारते, “भाकरी खातोस का रं?” तो गप्प. उरलेले तीन पर्याय यायची वाट बघत असतो. आई बिचारी ‘न्हाई तर ऱ्हाऊ दे’ म्हणून दुसरा पर्याय देते, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो.

पाठ केलेलं वापरलं नाही तर गंजतं, असं अभ्यासिकेतल्या एका सिनियरने त्याच्या डोक्यात भरवलं. झालं! रविवारी तात्यांबरोबर तो जनावरांच्या बाजारात गेला. तात्या त्याचे चुलते. खिलाराच्या खरेदीत मुरलेले. धोतराचा सोगा सावरून ते बैलाच्या नाकाला हात घालतात, अंगठ्याने ओठ वर सारतात, दोन दाती का चार दाती ते बघतात आणि मग मालकाकडे अशा नजरेने बघतात की त्याचेही दात मोजून होतात. कॅप्टन मागून म्हणाला, “तात्या, इंग्रजीत सांगितलंय, फुकट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून बघू नये.”

तात्यांनी ओठ सोडला नाही. “फुकट दिलाय? मग तर आधी बघावं. फुकट का देतोय त्यो?”

कॅप्टन रात्रभर तळमळला. आयोगाच्या उत्तरतालिकेला आव्हान देता येतं. तात्यांना कुठे देणार?

जून 2022 मध्ये तर त्याच्यावर खरा प्रसंग ओढवला. आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ बोलले आणि बघता बघता अख्खा महाराष्ट्र सांगोल्याची भाषा बोलू लागला. रिक्षावाल्यापासून नवरदेवापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. गावाची छाती फुगली. हा एकटा अभ्यासिकेत कडवट तोंड करून बसलेला. “एवढं गाजलं, पण सिलॅबसमध्ये न्हाई,” म्हणाला. वही उघडली होती, पेनही उचललं होतं. लाल का निळं, एवढंच ठरेना.

एकदा लेखी निघाली. पेढे वाटले, अण्णांनी बॅग घेतली, कॅप्टन मुलाखतीसाठी भोपाळला रवाना. तिथे पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर गोष्ट लिहून घेतात आणि मग सगळ्या पोरांना गोलात बसवून बोला म्हणतात. सगळी एकदम बोलतात. या चर्चेला पोरांनीच ‘मच्छी बाजार’ नाव पाडलंय. कॅप्टन नेमक्या जागी ‘टु ब्रेक द आईस’ टाकायच्या बेतात फट शोधत राहिला. फट मिळेपर्यंत वेळ संपली होती. संध्याकाळी बॅगेसकट स्टेशनावर.

“तिथं ऑप्शनच देत न्हाईत,” एवढंच त्याने घरी सांगितलं.

अण्णा म्हणाले, “गणपतराव आबा अकरा बार आमदार म्हणून निवडून आले या तालुक्यातनं. तू एक बार तरी ये.” यात टोमणा किती आणि धीर किती, हे कॅप्टनलाही ओळखता आलं नाही.

आता पंचविशी जवळ आलीय. ओटीए या लष्करी अकादमीची एखादी संधी उरलीय, आणि घरच्यांनी सावधगिरी म्हणून मुली बघायला काढल्यात. परवा मंगळवेढ्याकडे गेले होते. मुलीच्या आजोबांनी विचारलं, “पोरगा काय करतो?”

“सीडीएस करतो,” तात्या म्हणाले.

“किती एकर?”

तात्यांनी विषय डाळिंबावर नेला. पोहे झाले, चहा झाला, मग रीतीप्रमाणे दोघांना बोलायला सांगितलं. मुलगी पुण्यात राहून एमपीएससी करणारी. कॅप्टनने कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि आयुष्यातला पहिला खासगी प्रश्न विचारला, “‘टु टाय द नॉट’ म्हणजे काय?”

मुलीने क्षणभर छताकडे बघितलं.

“ऑप्शन सांगा,” ती म्हणाली.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. “फोडा सुपारी!”