बोलणारा क्रमांक २५

मराठी माध्यमातल्या मुलांचे इंग्रजी उच्चार वर्षभरात कसे बदलतात, याचा ध्वनिसंग्रह करायची हुक्की मला निवृत्तीनंतर आली. घरातून एकच प्रश्न आला : "अहो, तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, तुमचे बदलले का?" मी दुर्लक्ष केलं.

असे संग्रह जगात आहेत. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या संग्रहात नाना देशांची माणसं ६९ शब्दांचा एकच इंग्रजी उतारा वाचतात. पण तिथे माणूस एकदा वाचतो आणि सुटतो. मला तोच पोरगा दर तीन महिन्यांनी पुन्हा हवा होता. साताऱ्याजवळच्या एका शाळेतली सहावीची चोवीस मुलं मिळाली. जुलै ते एप्रिल, चार फेऱ्या. पालकांची लेखी परवानगी घेतली. एका आजींनी सही करण्याआधी विचारलं, "आवाज तुम्ही नेल्यावर पोराकडं काय ऱ्हाईल?"

पहिली फेरी पंख्याने खाल्ली. एफ काय, एस काय, हे मुळात वाऱ्याचेच आवाज. पंख्याच्या वाऱ्यातून ते वेगळे काढणं म्हणजे ताकातून पाणी काढणं. पंखा बंद केला तर मुलं घामाघूम, खिडकी उघडली तर यष्टी. दुसऱ्या फेरीला मला ताप होता, म्हणून मुलांनी वाचायचे शब्द माझ्या आवाजात आधीच फोनवर रेकॉर्ड करून दिले आणि शाळेतल्या बाईंनी त्यावरून काम उरकून फायली मेसेजवरून धाडल्या. असं पाठवताना फाइल लहान होते आणि कात्री वरच्या कंपनांवर चालते. एफ आणि एसमधला फरक नेमका तिथे राहतो! शिवाय फायलींची नावं होती 'नवीन', 'नवीन खरं' आणि 'हे घ्या सर'.

आता ऐकायचं काय, तर व्ही आणि डब्ल्यू. इंग्रजीत वरचे दात खालच्या ओठाला टेकवून 'वेस्ट' म्हटलं तर बंडी, ओठांचा चंबू करून म्हटलं तर पश्चिम. आपल्याकडे दोहोंना एकच 'व', सूर्य बंडीत मावळतो. दुसरं, इंग्रज 'पेन' म्हणताना 'प'मागून हवेचा झोत सोडतो. ओठ उघडणं आणि कंठ वाजणं यांतलं हे अंतर मिलिसेकंदांत मोजतात. लिस्कर आणि अब्रामसन यांनी १९६४ साली अकरा भाषांत ते मोजलं, त्यांत मराठीही होती. म्हणजे आपले फ, ठ, ख तेव्हाच मापून झालेत. झोत घरात भरपूर, पण इंग्रजीवर तो खर्च करायचा नाही, असा आपला बाणा.

हे दाखवायला मी तोंडासमोर मेणबत्ती धरली आणि दमदार आवाजात 'पेन' म्हणालो. ज्योत हलली नाही. पुन्हा म्हणालो. मागच्या बाकावरून सल्ला आला, "सर, फेन म्हणा, विझंल." म्हणालो. विझली. तीस वर्षांत मला न सुचलेलं ध्वनिशास्त्र.

एप्रिलनंतर 'प्राट' उघडलं. ॲमस्टरडॅमच्या दोन ध्वनिशास्त्रज्ञांचं हे फुकट सॉफ्टवेअर, नावाचा डच अर्थ 'बोलणं'. एका मिनिटाच्या आवाजावर खुणा करायला माझी अख्खी दुपार जाई. पण निकाल बघून मी खुर्चीतून उठलोच. चोवीस मुलांचा 'व' शेवटच्या फेरीपर्यंत जवळजवळ एकसारखा झाला होता! प्रगती! बायकोला हेडफोन दिला. तिने दोन फायली ऐकल्या आणि म्हणाली, "ही तर तुमची नक्कल करताहेत."

झालं असं होतं, की शब्द वाचताना मुलं अडायची, म्हणून मी प्रत्येक शब्द आधी म्हणून दाखवत होतो. अशाने उच्चाराची वाढ मोजली जात नाही, नक्कल मोजली जाते. हे पहिल्या धड्यातलं आहे आणि तो धडा मी इतरांना शिकवलाय. वर्षभर पोरं इंग्रजी शिकत नव्हती, मला शिकत होती.

मग नाइलाजाने माझीही नोंद केली. क्रमांक २५, वय ६१, चारही फेऱ्यांना हजर, एकदा फोनवरून. आवाज सगळ्यांत स्वच्छ, कारण माइक माझ्याच बाजूला. फरक : नाही.

जुलैत पुन्हा सुरुवात आहे. या खेपेला नुसती चित्रं दाखवायची, मी तोंड उघडायचं नाही. मेणबत्ती मागच्या बाकावरच्या पोराकडे दिली आहे.