व्हाया नाना

बीडच्या बसस्थानकासमोर चहा पिताना तुम्ही मुंबईचं नुसतं नाव काढा. शेजारच्या बाकड्यावरून प्रश्न येतोच, "कोणत्या मार्गानं?" हे नाना. आडनाव कोणतंही लावा. आष्टीपासून परळीपर्यंत प्रत्येक स्टँडवर एक नाना असतातच.

"नगर-पुण्यावरून जाशील तर रस्ता सरळ हाय, पण वाघोलीत दिवस मावळतो." मग माळशेज घाट? "तो कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग. ह्या टोकाला मुंबईचं बंदर, त्या टोकाला विशाखापट्टणमचं. मधी आपला जिल्हा, कोरडा ठणठणीत! आन् पावसाळ्यात घाटात दरड पडती, न्हाई पडली तर धबधबा बघणारी पोरं गाडी अडवत्यात." मग समृद्धी? ती जून 2025 मध्ये पार आमण्यापर्यंत खुली झाली, हे नाना तारखेसकट सांगतात. "संभाजीनगरपासून गाडी उडती बघ. भिवंडीत जमिनीवर येती." संभाजीनगरहून देवगिरी एक्सप्रेस? "वेटिंग." राहता राहिली परळीहून पनवेल एक्सप्रेस. मुंबई पश्चिमेला आणि परळी बीडच्या पूर्वेला, हे लक्षात आणून दिलं तर नाना डोळे मिटून म्हणतात, "चार पावलं मागं सरल्याबिगर उडी मारता येत नसती, लेकरा."

नानांना हसण्याआधी ते घडले कसे ते पाहा. 1956 पर्यंत या जिल्ह्याची राजधानी हैदराबाद. परळीला आगगाडी आली तीही त्याच बाजूनं, विकाराबादवरून. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमची राजधानी एका रात्रीत समुद्रकाठी गेली. रूळ मात्र होते तिकडेच तोंड करून राहिले. पुढे नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा लोहमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. त्यानंतर दर निवडणुकीत भाषणांतून इंजिनाची शिट्टी ऐकू यायची. बीड शहराला खरी गाडी मिळाली 17 सप्टेंबर 2025 ला. ज्या गावाहून राजधानीला थेट गाडी सुटते, तिथं वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असतं. आमचं वेळापत्रक बाकड्यावर बसतं आणि चहा मागतं.

गाडी आली तेव्हा वाटलं, आता नानांचं दुकान बसलं. पण ती गाडी अहिल्यानगरपर्यंतच. नाना हरखले. "नगरला उतरायचं. तिथून एसटीनं पुणं, न्हाईतर रेल्वेनं दौंड, न्हाईतर मनमाड." एका गाडीनं तीन मार्ग वाढवले.

मुंबईला नानांची मुलगी असते. तिच्याकडं जाताना ते रात्री घरून जेवून निघतात, ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये आडवे होतात आणि सकाळी दादरला उठतात. "गाडी कोणत्या मार्गानं गेली, नाना?"

"मला काय ठाऊक? मी झोपलो व्हतो."

तेव्हा बीडहून मुंबईला निघालात तर नानांना जरूर विचारा. फक्त गाडी सुटायला तासभर असताना विचारा, तिकीट आधीच काढून ठेवा आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या.