ओहमपंत

इंग्लंडातल्या गावांच्या हाय स्ट्रीटवर केशकर्तनालय, तळलेल्या कोंबडीचं दुकान आणि व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं दुकान यांचा सहसा तुटवडा नसतो. यातल्या तिसऱ्या दुकानात काउंटरला कोपर टेकून जो गृहस्थ उभा असतो, त्याला गिऱ्हाईक समजू नये. ते ओहमपंत. दुकान त्यांचं नाही, पगारही कोणी देत नाही, पण सिगारेट सोडू पाहणारा एखादा नवखा आत शिरला, की मालकाच्या आधी तेच विचारतात, "किती ओहमची कॉइल?"

नवख्याला वाटतं, रक्तगटच विचारला.

मग वर्ग भरतो. कॉइल म्हणजे टँकमधला, कापसात मुरलेला रस तापवून त्याची वाफ करणारी तार; ओहम म्हणजे तिचा विद्युतरोध मोजायचं एकक. जर्मनीतल्या गेऑर्ग ओहमनं १८२७ साली आपला नियम छापून प्रसिद्ध केला, तो जणू पंतांच्या टँकसाठीच. त्याच्याच आधारे व्होल्टचा वर्ग करा, त्याला रोधानं भागा, वॅट मिळतात. ४ व्होल्टला २ ओहमची कॉइल ८ वॅट देते, १.६ ची १० आणि ०.८ ची थेट २०. यंत्रावर नुसते व्होल्ट फिरवायची सोय होती तेव्हा हे गणित खरोखर लागायचं. कॉइल बदलली की हिशेब नव्यानं. चुकला तर एक तर पाणचट वाफ, नाही तर करपलेला कापूस. करपल्याची ती चव कितीही रस ओतला तरी जात नाही. कॉइल टाकूनच द्यावी लागते. पंतांचा तो सुवर्णकाळ!

पुढे वॅट ठरवणारी यंत्रं आली आणि घात झाला. आकडा १५ वर ठेवायचा, बस. आतली चिप स्वतःच रोध मोजते; २.४ ओहम दिसले तर ६ व्होल्ट लावते, ०.६ दिसले तर ३. पंतांना विचारायचं कारणच उरलं नाही. पण न विचारता सांगायला कारण कशाला लागतं?

"वॅट तेच, पण वाफ तीच का?" पंत बोट उगारतात. आणि पंचाईत अशी, की माणूस बरोबर बोलतो. कमी ओहमच्या कॉइलची तार बहुधा जाड, धातू जास्त. ती १५ वॅटला धड तापत नाही. उलट १.८ ओहमच्या बारीक तारेला ४० वॅट दिले, तर कापसाचे अंत्यसंस्कारच. आणखी एका जागी पंतांचं मुकाट्यानं ऐकावं. चिप नसलेल्या नळीवजा यंत्रात ०.१५ ओहमची कॉइल लावली आणि बॅटरी पूर्ण भरलेली, म्हणजे ४.२ व्होल्टची असली, तर २८ अँपिअर धारा मागितली जाते. १८६५० मापाच्या कित्येक बॅटऱ्यांची मर्यादा २० असते. हे सांगताना पंतांचा आवाज खाली येतो. विनोद तिथे थांबतो.

सरकारशी मात्र त्यांचं जमत नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या नियमांनी टँक २ मिलिलिटरवर आणला. शंभर वॅटवाल्या पंतांना तो चूळ भरायलाही पुरत नाही. त्यानंतर आले वापरून फेकायचे रंगीबेरंगी व्हेप. त्यात ओहम किती, हे ओढणाऱ्याला ठाऊक नसे आणि जाणून घ्यायचंही नसे. १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हा पंतांनी दुकानात स्वखर्चानं चहा पाजला.

गंमत म्हणजे बहुतेक तयार कॉइलच्या अंगावरच ओहम आणि किती ते किती वॅट, हे दोन्ही छापलेलं असतं. नवखा ते वाचून पैसे देऊन निघूनही जातो. पंत अजून रोधाच्या व्याख्येवरच असतात.

लंडनच्या हाउन्स्लोकडे पंतांची मराठी आवृत्तीही भेटू शकते. ती वर्गमूळ तोंडी काढते. दिवाळीला पुण्याला निघताना मात्र सगळी यंत्रं खणात कुलूपबंद. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटच्या आयातीला, विक्रीला आणि साठ्यालाही बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉइल किती ओहमची, हे कोणी विचारत नाही.